आमवात आणि मनाचं दुखणं

सांधे बोलतात तेव्हा : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिसच्या औषधांची ओळख करून घेतली. औषधं लागू पडतात, रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर उतरतो, बोटांची सूज ओसरते; तरीही ‘कशातच मन लागत नाही’ असं सांगणारे रुग्ण पुष्कळ असतात. घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट चांगले आलेत, आता मन घट्ट कर.’ त्यामागे माया असते, पण हा सल्ला चुकीचा आहे.

२०१३ साली ७२ अभ्यासांमधल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. मानसोपचाराच्या काटेकोर निकषांनुसार त्यांतल्या सुमारे १७ टक्के रुग्णांना नैराश्याचा आजार होता. म्हणजे साधारण दर सहा रुग्णांमागे एकाला.

हे केवळ दुखण्याला कंटाळल्यामुळे होतं का? दुखण्याचा वाटा मोठा आहेच. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, वेणी घालता येत नाही, पोळ्या लाटता येत नाहीत, रात्री कूस बदलताना जाग येते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट अधिक, आणि आपल्याकडे घरकामाचा भार बहुधा त्यांच्यावरच. त्यात वरून धडधाकट दिसणाऱ्या बाईचं दुखणं इतरांना पटत नाही.

पण शरीरातही काही घडत असतं. आमवातात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्या वेळी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी दाह वाढवणारी प्रथिनं रक्तात उतरतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. फ्लूच्या तापात जेवण नकोसं होतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं, तेही अशाच प्रथिनांमुळे. फ्लू आठवड्याभरात उतरतो. आमवातातला दाह वर्षानुवर्षं राहू शकतो. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. हेही रोगप्रतिकारशक्तीचंच एक प्रथिन. ती घेणाऱ्या अनेकांना उपचार चालू असतानाच नैराश्य आलं होतं. दाह हे नैराश्याचं एकमेव कारण नाही, पण एक खरं कारण आहे.

उलट्या दिशेनंही हे नातं चालतं. मन खचलं की तेवढंच दुखणं अधिक जाणवतं, गोळ्या चुकतात, व्यायाम सुटतो. आजाराची तीव्रता मोजायला डॉक्टर ‘डीएएस-२८’ हा निर्देशांक वापरतात. त्यात सुजलेले सांधे आणि रक्तातला दाह यांच्याबरोबर दुखरे सांधे आणि रुग्णाचं स्वतःचं मत हेही धरलेलं असतं. नैराश्यात हे शेवटचे दोन आकडे चढे राहतात. सूज उतरलेली असूनही आजार आटोक्यात नाही असं वाटतं आणि औषधं वाढवली जातात. खरी गरज मनावरच्या उपचारांची असते, ती तशीच राहते.

थकवा आणि झोपमोड आमवातातही असते, म्हणून तेवढ्यावरून नैराश्य ओळखता येत नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. समुपदेशन, झेपेल तसा नियमित व्यायाम आणि गरज पडल्यास नैराश्याची औषधं यांचा उपयोग होतो. त्यांतली काही औषधं वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून सांध्यांच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना सगळ्या औषधांची यादी दाखवा. स्टिरॉइडमुळेही मनःस्थिती बदलू शकते. मात्र ती आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

जगणं नकोसं वाटत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. आणि घरच्यांना एक विनंती : पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत जाल, तेव्हा सांध्यांबरोबर मनाचं दुखणंही डॉक्टरांच्या कानावर घाला. रुग्णाला ते स्वतःहून सांगणं फार जड जातं.