ओल्या चामड्यावरची रेघ

कानवाली कोल्हापुरी उजेडाकडे तिरकी धरा आणि तिचे कान बघा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले हे चामड्याचे पातळ तुकडे. त्यांवर ठिपक्यांच्या रांगा आणि बारीक छिद्रं असतात. डाव्या पायाच्या कानावर जे आहे तेच उजव्यावर, पण आरशात दिसावं तसं उलट. ही नक्षी चामड्यावर येते कशी, हे मला दर शिबिरात कुणीतरी विचारतं. कुणाला वाटतं ती रंगवलेली आहे, कुणाला वाटतं मशीनची आहे. ती दाबून उठवलेली असते, आणि बहुतेक वेळा बाईच्या हातची असते.

मी कोल्हापूरच्या सुभाषनगरात वाढले. आमच्याकडे तळ कापायचं, ठोकायचं काम पुरुषांचं. वेणी घालायचं आणि ठसे मारायचं बायकांचं. आता मी त्याच चामड्यावर पाकिटं आणि वह्यांची कव्हरं करते, आणि ज्यांना हौस आहे त्यांना शिकवते. शिकवताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाण्यात.

आधी चामडं ओळखायला हवं. आपल्याकडचं जुनं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. ते पाणी पितं, ओलं झालं की मऊ पडतं आणि सुकताना दाब धरून ठेवतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची रीत निघाली. काम झटपट होऊ लागलं, आणि आज बाजारातल्या बहुतेक पर्स आणि बूट त्याच चामड्याचे असतात. त्यावर कितीही दाबा, नक्षी राहत नाही. पारख सोपी आहे. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब मुरला, तिथं डाग गडद झाला आणि नख दाबल्यावर खूण राहिली, तर ते साल-हिरड्याचं. कापलेल्या कडेला आत निळसर-करडी झाक दिसली, तर क्रोमचं.

आता पाणी. ओला स्पंज पूर्ण तुकड्यावर सारखा फिरवायचा. नक्षीपुरतंच भिजवलं तर सुकल्यावर ओलीची कड उमटते आणि ती जात नाही. मग थांबायचं. ही थांबण्याची वेळ घड्याळात सापडत नाही. ती उन्हाळ्यात वेगळी, पावसाळ्यात वेगळी, जाड चामड्याला वेगळी. माझी आत्या म्हणायची, "वर पानी दिसतंय तंवर हात लावू नगंस." चामड्याचा मूळ रंग परत येऊ लागला, पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर गार लागतंय, ती वेळ बरोबर. त्याआधी दाबलं तर रेघ पसरट येते, उशीर झाला तर पुसट. पातळ चामडं ओलं असताना ताणतं, म्हणून मागच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी लावून घ्यावी.

नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढून घ्या. कागद ओलीनं फाटतो, म्हणून त्याच्याही खालच्या बाजूला चिकटपट्टी लावा. तो चामड्यावर ठेवून कडेला चिमटे लावा; टाचणी नको, तिचं भोक कायमचं राहतं. मग शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं रेघांवरून सावकाश फिरा. जोर एकसारखा हवा, फार नको. कागद काढण्याआधी एक कोपरा उचलून राहिलेल्या रेघा बघून घ्या, कारण एकदा काढलेला कागद पुन्हा त्याच जागी बसत नाही. कार्बन पेपर आणि चालू बॉलपेन चामड्याजवळ आणू नका. ती शाई आत मुरते आणि निघत नाही. दुसऱ्या कानासाठी तोच कागद उलटा करायचा. चपलेच्या कामात कागदाऐवजी पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा फर्मा असतो, तोही तसाच उलटा धरून दुसरा पाय आखतात.

रेघ उमटली की ठसे. खाली दगड किंवा जाड लाकूड, ठसा सरळ उभा, घाव एकच. दुसरा घाव बसला की ठिपक्याच्या कडेला सावली पडते, आणि कसलेल्या नजरेला ती लगेच दिसते. ठशावर गंज किंवा लोखंडाचा कीस असेल तर ओल्या चामड्यावर काळेनिळे डाग पडतात. साल-हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाईच तयार होते. म्हणून ठसे कोरडे पुसून घ्यायचे. हलका डाग लिंबाच्या रसानं फिका होतो.

क्रोमचंच चामडं हाताशी असेल तर नक्षी दाबण्याच्या फंदात पडू नये. कागदाच्या नक्षीला टाचणीनं भोकं पाडायची, वरून खडूची पूड चोळायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवर छिद्रं पाडायची. छिद्र कुठल्याही चामड्यात टिकतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांवर हेच दिसतं. पडद्यामागे दिवा लागला की दागिने त्या छिद्रांतूनच उजळतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, याचा मला आपल्या घरातल्यासारखा आनंद झाला.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या तेव्हा गावभर चर्चा झाली. मी ऐकलेल्या चर्चांत चपलेचा आकार आणि किंमत होती. कानावर ठसे मारणारे हात नव्हते. मला ते लागलं. आकार कुणीही उचलू शकतो. ओल कधी बरोबर झाली हे हाताला कळणं मात्र एकीकडून दुसरीकडे शेजारी बसूनच जातं. आणि साल-हिरड्याचं चामडं मिळेनासं झालं तर शिकवायला काही उरणारच नाही, कारण दुसऱ्या चामड्यावर ही नक्षी बसत नाही.

घरी करून बघायचं असेल तर चप्पल करणाऱ्यांकडून कापातले उरलेले तुकडे विकत घ्या. आठवडाभर नुसत्या सरळ रेघा ओढा, मगच फुलापानांना हात घाला. आणि पुढची कोल्हापुरी घेताना दुकानात दोन प्रश्न नक्की विचारा: चामडं साल-हिरड्याचं आहे का, आणि कानावरचे ठसे मारणारीला जोडामागे किती मिळतात?