वजन उतरल्यावर उघडणारी फट

वजन उतरविण्यासाठीं होणारी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया आतां मुंबई-पुण्याच्या घरांनाही अपरिचित राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील आयोवा येथें एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं तिचा पाया घातला. तिच्या प्रचलित पद्धतींत जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून त्यास लहान आंतडें थेट जोडतात, आणि खालीं आंतड्याचा आंतड्याशीं आणखी एक सांधा करतात. बहुतेकांस ती मानवते. क्वचित् मात्र पुढें आंतड्यास अडकण होते, आणि तिचें कारण मोठें विलक्षण आहे.

आंतडें पोटांत सुटें लोंबत नसतें. लुगड्याच्या निऱ्या कमरेशीं खोंवाव्यात, तसें तें एका चरबीयुक्त पडद्यानें पाठीकडच्या भिंतीस बांधलेलें असतें. आंतड्याची वाट बदलली कीं या पडद्याच्या आसपास फटी राहतात. त्यांपैकीं एक फट पेटरसन या जर्मन शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखली जाते. त्यानें तिचें वर्णन १९०० सालींच केलें होतें. आरंभीं चरबीमुळें फट बुजल्यासारखी असते. वजन उतरतें, पडद्यांतील चरबीही झडते, आणि फट रुंदावते. म्हणजे शस्त्रक्रियेचें यशच संकटास वाट करून देतें! कांहीं महिन्यांनीं, कधीं कित्येक वर्षांनीं, आंतड्याचें वेटोळें तींत शिरतें. तें पिळलें व रक्तपुरवठा तुटला, तर कांहीं तासांत आंतडें कुजूं लागतें.

प्रारंभ मात्र फसवा असतो. जेवणानंतर पोटांत कळ येते, पाठीकडे जाते आणि आपोआप थांबते. उलटी होईलच असें नाहीं. साधा क्ष-किरण फोटोही निर्दोष येऊं शकतो. घरांत ओवा-सोडा देऊन वेळ दवडला जातो. सीटी स्कॅनमध्यें पिळलेल्या रक्तवाहिन्यांचा भोंवरा दिसल्यास निदान सोपें होतें. परंतु तो न दिसला तरी दुखणें टिकल्यास दुर्बिणीनें पोट आंतून तपासणेंच इष्ट. गर्भवतीच्या बाबतींत तर विलंब मुळींच नको, कारण वाढतें गर्भाशय आंतड्यास वर लोटतें.

स्वीडनमध्यें अडीच हजार रोग्यांवर झालेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, फटी न शिवलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें दहा जणांवर तीन वर्षांत अडकणीसाठीं पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शिवलेल्यांत हें प्रमाण साडेपांच होतें. शिवण्यानें खालचा सांधा मुरडण्याचा आरंभींचा धोका किंचित् वाढतो, तरी शिवणेंच श्रेयस्कर ठरतें.

शस्त्रक्रियेचा प्रकार, साल आणि फटी शिवल्या कीं नाहीं, याची नोंद रोग्यानें जवळ बाळगावी. पोटावरील चार-पांच बारीक व्रणांवरून नवख्या डॉक्टरास आंतली बदललेली वाट ओळखतां येत नाहीं.