दोन टाक्यांची गाडी

गाडी एक, पण टाक्या दोन. एका टाकीत पेट्रोल, दुसरीत गॅस. आपल्या भागात भाजी, दूध, मासळी, विटा नेणाऱ्या कितीतरी जुन्या पिकअप गाड्या आता अशा दोन टाक्यांवर चालतात. गॅस पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो म्हणून लोकांनी दुसरी टाकी बसवून घेतली. टाकी बसवली, पैसे वाचू लागले, आणि मग बहुतेकजण त्या टाकीला विसरून गेले. विसरायची वस्तू मात्र ती नव्हे.

मी काही मिस्त्री नाही. जन्मभर शाळेत खडू हाती धरला. पण आमच्या रात्रीच्या वर्गात एक पिकअपवाला येतो. चाळिशी उलटलेला. लहानपणी तिसरीत शाळा सुटली, ती आता पुन्हा धरली आहे. करंजा बंदरावरून मासळी उचलून पनवेलच्या बाजारात नेणे हा त्याचा धंदा. त्याच्या गाडीमुळे मला या दोन टाक्यांचा अभ्यास करावा लागला. तोच इथे सांगतो.

आधी हा गॅस कोणता ते पाहू. घरी स्वयंपाकाला येतो तो सिलिंडरचा गॅस वेगळा. तो दाबाखाली पातळ होऊन राहतो. सिलिंडर हलवला की आत डुचमळते ते आपण ऐकतो. गाडीतला सी.एन.जी. पातळ होत नाही. तो वायूच राहतो, फक्त कोंबून कोंबून भरलेला. साठ लिटर पाणी मावेल एवढ्या टाकीत नऊ-दहा किलो गॅस बसतो. एवढा बसवायचा तर दाब किती लागत असेल? दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो. आपल्या अंगठ्याचे नख पाहा. साधारण तेवढ्या जागेवर सिमेंटच्या चार गोणी रचल्या, तर जो भार पडेल तो हा दाब. गाडीच्या चाकातल्या हवेपेक्षा पन्नास पट तरी जास्त. आणि हा भार टाकीच्या एका जागी नव्हे, आतून सगळीकडे, रात्रंदिवस.

म्हणून ती टाकी जाड पोलादाची, बिनसांध्याची असते. रिकामी असतानाही एकट्या माणसाला उचलायला जड. चांगली टाकी हा भार वर्षानुवर्षे सोसते. पण पोलादाला दोन शत्रू आहेत. एक गंज, दुसरा घाव.

आता आमच्या पिकअपवाल्याची हकीकत. २०२४ च्या मे महिन्यात तो वर्गात तणतणतच आला.

"गुरुजी, पंपावरच्या पोरानं गॅस दिला नाही. म्हणतो प्लेट संपली. प्लेट कशी संपेल? ती तर तिथंच आहे की!"

मी म्हटले, "चल, दाखव बघू."

कंदिलाचे दिवस गेले. त्याने मोबाईलचा दिवा लावला. गॅस भरायच्या तोंडाजवळ एक लहान पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर गाडीचा नंबर, टाकीचा नंबर, टाकी तपासल्याची तारीख आणि पुन्हा तपासायची तारीख. अक्षरे इंग्रजी. हा माणूस रोज त्या पट्टीशेजारी उभा राहून गॅस भरून घेत होता, पण पट्टीवर काय आहे हे त्याला कधी कोणी सांगितले नव्हते. शेवटच्या ओळीत ०४ आणि २३ असे आकडे होते. चौथा महिना, २०२३ साल. म्हणजे एप्रिल. मुदत टळून तेरा महिने झाले होते. मधल्या काळात इतर ठिकाणी कोणी पट्टी न पाहताच गॅस भरून दिला होता. हा मुलगा तेवढा पाहणारा निघाला. दुसऱ्या दिवशी आमच्या माणसाने जाऊन त्याला चहा पाजला, पण ते नंतर.

कायदा असा आहे. गाडीवरच्या सी.एन.जी. टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते. हे २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत आहे. स्फोटक आणि ज्वालाग्राही मालावर देखरेख करणारे केंद्र सरकारचे जे मोठे खाते आहे, त्याची मुख्य कचेरी आपल्या नागपुरातच आहे. त्या खात्याने मान्यता दिलेल्या ठिकाणीच तपासणी करायची. रस्त्यावरच्या कोणीही "मी करून देतो, नुसता कागद घे" म्हटले तर त्या कागदाची किंमत शून्य. टाकीला कागद वाचता येत नाही.

तपासणी कशी होते हे मी मुद्दाम जाऊन पाहिले. टाकी गाडीवरून उतरवतात, गॅस काढून टाकतात. आत दिवा सोडून पाहतात. वजन करतात, गंजाने पोलाद खाल्ले असेल तर वजन घटलेले दिसते. मग टाकीत पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक दाब देतात. पाणीच का? हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी आकसून बसते, आणि टाकी फुटलीच तर एकदम उसळते. पाणी फारसे आकसत नाही, म्हणून फुटले तरी उसळी बसत नाही. दाबाखाली टाकी केसभर फुगते. दाब काढला की ती पुन्हा मूळ मापावर यायला हवी. फुगलेली तशीच राहिली तर पोलाद थकले असे समजायचे.

आमच्या माणसाची टाकी पाण्यापर्यंत पोचलीच नाही. नुसत्या नजरेनेच बाद झाली. टाकीला दोन पट्ट्यांनी आवळून ठेवलेले असते. पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये रबर असावे लागते. त्याचे रबर कधीतरी झिजून पडले होते, आणि कोणा शहाण्याने त्याऐवजी गोणपाटाचा तुकडा खुपसला होता. वर हौद्यात मासळी आणि बर्फ. बर्फ वितळतो, खारे पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गळते, गोणपाट ते पिऊन बसते. एका पावसाळ्यानंतर दुसरा पावसाळा, गोणपाट ओलेच. पट्टी सोडली तेव्हा खाली बोट रुतेल असे खळगे दिसले. वरून मात्र रंग छान होता! त्याने दिवाळीला गाडीबरोबर टाकीलाही रंग दिला होता.

तिथल्या माणसाने टाकीवर हात ठेवून एवढेच विचारले, "गॅस भरताना तुम्ही कुठे उभे राहता?"

हा म्हणाला, "टाकीला टेकून."

बाद टाकी परत देत नाहीत. ती पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून निकामी करून टाकतात. त्याला वाईट वाटले, पैसे गेले म्हणून. वाटणारच. पण गॅस भरतेवेळी गाडीत कोणी बसू नये, सगळ्यांनी उतरून लांब उभे राहावे, असे पंपावर लिहिलेले असते ते का, हे त्याला त्या दिवशी कळले. तोवर त्याची बायको भरतानाही गाडीतच बसून राहायची.

गोष्ट इथे संपत नाही. नवी टाकी बसेपर्यंत गाडी पेट्रोलवर चालवू म्हटले, तर गाडी सुरूच होईना! कारण ऐका. त्याने दोन वर्षे पेट्रोलच्या टाकीत शंभर रुपयांपेक्षा जास्त पेट्रोल कधी टाकले नव्हते. "गॅस आहे ना, पेट्रोल कशाला?" हा त्याचा हिशेब. पण अशा गाडीत पेट्रोल वर खेचणारा विजेचा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोल हेच त्याचे थंडावा देणारे पाणी आणि तेच त्याचे वंगण. टाकी कोरडी ठेवली की पंप तापतो आणि जळतो. विहिरीचे पाणी खाली गेल्यावर मोटर चालू ठेवली तर काय होते, ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. त्याचा पंप बरेच दिवस घरघरत होता. मग हा गॅसचे बटण दाबून धरून थेट गॅसवरच गाडी सुरू करू लागला, आणि घरघर विसरून गेला.

तेव्हा पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवावी. आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर गाडी पेट्रोलवर पळवावी. उलट, भरून ठेवले आणि वापरलेच नाही हेही वाईट. पेट्रोल शिळे होते, त्याचा चिकट राळेसारखा थर नळ्यांत बसतो. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो. जुन्या रबरी नळ्याही त्याने लवकर खराब होतात. नळी वाकवून पाहावी. भेगा दिसल्या तर बदलावी. मासळीवाल्यांना हे जास्त सांभाळले पाहिजे, कारण १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, आणि बोटी बंद म्हणजे गाडीही बंद.

फार जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांत बटणाला तीन जागा असतात. एकीकडे पेट्रोल, दुसरीकडे गॅस, मध्ये काहीच नाही. ही मधली जागा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. पेट्रोलवरून गॅसवर जाताना आधी बटण मध्ये ठेवायचे. कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपू द्यायचे. गाडी गचके खाऊ लागली की मग गॅसवर टाकायचे. घाई केली तर दोन्ही इंधने एकदम आत जातात, आणि गाडी गुदमरते. गॅसवरून पेट्रोलवर येताना ही खटपट नाही.

आणखी एक गंमत. सायकलच्या चाकाची हवा सोडली तर ती बोटाला गार लागते. दाब सुटला की वायू थंड होतो. गाडीतही २०० किलोचा दाब एका डबीत उतरवून मग गॅस इंजिनाकडे जातो. या डबीला रिड्यूसर म्हणतात. ती गारठू नये म्हणून इंजिनाचे गरम पाणी तिच्यातून फिरवलेले असते. रेडिएटरमध्ये पाणी कमी झाले की ते तिथवर पोचत नाही, डबीवर बर्फ धरते आणि भर उन्हात गाडी बंद पडते. लोक गॅसच्या पंपाला शिव्या देतात. आधी पाणी पाहावे.

प्लगही चांगले हवेत. गॅस पेटायला ठिणगी जोरदार लागते. प्लग किंवा त्याच्या तारा जुन्या झाल्या की जुन्या किटमध्ये उलटा बार निघतो आणि हवेच्या गाळणीचा डबा फाटतो. गॅस कोरडा असतो म्हणून व्हॉल्व्हही जरा लवकर झिजतात. मिस्त्रीकडून अधूनमधून टॅपेट तपासून घ्यावे.

आता वासाचे. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घालतात. वास आला तर गाडी उघड्यावर थांबवावी, इंजिन बंद करावे, सगळ्यांना उतरवावे, टाकीवरची चावी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करावी. विडी नको, बटणे खटखटवणे नको. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. त्याला वाट द्यावी. ताडपत्रीने झाकलेल्या किंवा बंद शेडमध्ये ठेवलेल्या गाडीत तो छताशी साठतो. गळती कुठे आहे हे साबणाच्या फेसाने शोधावे. काडी ओढून शोधणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या भुवया पुन्हा उगवल्या, एवढेच नशीब.

टाकीजवळ वेल्डिंग कधीही करू देऊ नये. हौद्याचा पत्रा सांधायचा असला तरी आधी मान्यता असलेल्या माणसाकडून टाकी उतरवून घ्यावी. बॅटरीचे पाणी, खत, खारे पाणी टाकीवर गळू देऊ नये. टाकी आणि किट आर.सी. पुस्तकात चढवलेले असावे, विम्यातही.

आमच्या माणसाने आता हौद्याखाली पत्र्याची पन्हळ लावली आहे, म्हणजे बर्फाचे पाणी टाकीच्या पलीकडे पडते. पट्ट्यांखाली नवे रबर आहे. दर रविवारी पट्टी न सोडता जेवढे दिसते तेवढे तो गोड्या पाण्याने धुतो. नवी पट्टी लागली त्या संध्याकाळी त्याने वर्गात येऊन पाटीवर आधी इंग्रजीत आणि मग मराठीत पुढच्या तपासणीचा महिना आणि साल लिहिले. मराठीतला सात त्याने उलटा काढला होता, तो मी दुरुस्त केला.