गिलानुपट्ठाकाचा थकवा

२३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून १३ रुग्ण त्याच दिवशी मृत्यू पावले. वालीव-वसईच्या पट्ट्यात त्या दिवसांत अतिदक्षता विभागात खाट मिळणेच दुर्घट झाले होते. खाटेवरील रुग्णांविषयी पुष्कळ लिहिले गेले; खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकांविषयी मात्र फारच थोडे.

ख्रिस्तिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली अशा सेवकांच्या थकव्याची तीन लक्षणे मांडली : भावनिक शक्ती आटणे, रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहणे आणि आपल्या कामाचे मोल न वाटणे. पालीच्या अभ्यासकास येथे आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्यात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा दूरचा शत्रू विहिंसा. ती चटकन ओळखता येते. जवळचा शत्रू दोमनस्स, म्हणजे खिन्नता. ती करुणेसारखीच दिसते, म्हणून फसवते. परदुःखाने स्वतःच खचून जाणे ही करुणा नव्हे. उपेक्खेचा जवळचा शत्रू अज्ञानजन्य उदासीनता होय. मास्लाक यांची पहिली दोन लक्षणे या दोन शत्रूंच्या पुष्कळ जवळ येतात.

परंतु एवढ्यावरून ‘परिचारिकांनी ध्यान करावे’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. महावग्गातील चीवरक्खन्धकात अतिसाराने पीडित, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले. दोघांनी उचलून त्यास मंचावर निजविले. त्यानंतर भगवंतांनी संघास एकत्र बोलावले. रुग्णाची सेवा कोणी करावी याचा क्रम तेथे दिला आहे : उपज्झाय, आचरिय, शिष्य, सहाध्यायी, यांपैकी कोणीही नसल्यास संघाने. न केल्यास दुक्कटाचा दोष लागतो. चांगल्या सेवकाचे पाच गुणही तेथेच येतात : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मेत्तचित्ताने सेवा करणे, मलमूत्र व वांती काढताना किळस न येणे, आणि धम्मकथेने रुग्णास धीर देणे. म्हणजे गुण व्यक्तीचे, पण सेवा होईल हे पाहण्याची अखेरची जबाबदारी समूहाची.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली या थकव्याची नोंद रोग म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न हाताळलेला ताण हेच त्याचे कारण मानले. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हे प्रमाण अनेक ठिकाणी मान्य आहे. जेथे एकीकडे तीन-तीन खाटा सोपविल्या जातात, तेथे दुक्कट कोणाचे हे विनयाच्या वाचकास निराळे सांगावयास नको.