कार्बुरेटरच्या जुन्या मोटारींतील बाष्पनलिकांची जोडणी

मोटारीचे एंजिन बंद असतानाही तिच्यातून पेट्रोल हवेत जात असते. दिवसाच्या उन्हाने टाकीतील पेट्रोलची वाफ होते, आणि गाडी थांबल्यावर एंजिनाच्या धगीने कार्बुरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडू लागते. अशी हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व दाट धूसर हवा निर्माण होते, हे हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या संदर्भात १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ च्या मोटारींपासून बाष्पनियंत्रण आवश्यक ठरले. त्या काळातील गाड्या दुरुस्त करताना एंजिनापाशी लोंबणाऱ्या चार-पाच रबरी नळ्या पाहून अभ्यासक गोंधळतो. त्यांच्यामागील तत्त्व मात्र सोपे आहे.

या व्यवस्थेचे केंद्र म्हणजे सक्रियित कोळशाचा डबा होय. गाडी उभी असता बाष्प कोळशाच्या पृष्ठभागावर अधिशोषित होते. गाडी चालू असता एंजिनाच्या चोषणाने डब्यातून बाहेरची हवा खेचली जाते. ती कोळशावरील बाष्प सोडवून एंजिनात नेते व तेथे ते जळते. म्हणजे डब्याला बाष्प आणणारी, हवा घेणारी व बाष्प नेणारी अशी तीन प्रकारची तोंडे असतात. टाकीची आणि कार्बुरेटरच्या वाटीची नळी पहिल्या प्रकारात येते. एंजिनाकडे जाणारी निस्सारण-नळी तिसऱ्या प्रकारात.

निस्सारण केव्हा व्हावे, हा यातील नाजूक प्रश्न आहे. एंजिन मंद गतीत असता जादा बाष्प आत आले, तर मिश्रण दाट होऊन एंजिन अडखळते. म्हणून काही रचनांत ही नळी थ्रॉटल झडपेच्या किंचित वर असलेल्या छिद्राला जोडतात. झडप मिटलेली असता तेथे चोषण जवळजवळ नसते. ती उघडू लागताच निर्माण होते. इतर काही रचनांत निस्सारण-नळी इनलेट मॅनिफोल्डच्या चोषणाला जोडलेली असते व डब्यावरील एक झडप तिचे नियमन करते. अशा वेळी वरील छिद्रापासून येणारी बारीक नळी त्या झडपेला लावायची असते.

चुकीच्या जोडणीचे परिणाम यावरून ताडता येतात. पेट्रोलचा प्रवाह वाटी आणि व्हेंच्युरी यांतील दाबाच्या फरकावर अवलंबून असतो. म्हणून वाटीची नळी चोषणाला जोडल्यास तो फरक घटून मिश्रण पातळ होते. टाकीची नळी बुजवल्यास बंद टाकीतील दाब फ्लोटच्या सुईझडपेवर पडतो व कार्बुरेटर ओसंडू शकतो. तापलेल्या एंजिनावर पेट्रोल सांडणे म्हणजे आगीला निमंत्रणच. टाकीला सच्छिद्र झाकण बसवल्यास डबा शाबूत असूनही वाफ परस्पर निसटते.

यास्तव नळीचा व्यास तोंडाला जुळतो एवढ्यावरून जोडणी ठरवू नये. बॉनेटखाली चिकटवलेला आराखडा किंवा त्याच वर्षाची दुरुस्तीपुस्तिका प्रथम पाहावी. ते नसल्यास प्रत्येक नळीविषयी तीन प्रश्न विचारावेत: हिच्यातून काय वाहते, कोणत्या दिशेने वाहते, आणि एंजिन चालू असता की बंद असता? काम थंड एंजिनावर व ज्योतीपासून दूर करावे. नळी पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचीच घ्यावी. या तीन उत्तरांशी न जुळणारी जोडणी, गाडी सुरळीत चालत असली तरी, चुकीचीच समजावी.