हलवा, काटेरी
तीळ, खसखस यांसारख्या दाण्यांवर साखरेच्या पाकाचे पातळ थर एकावर एक चढवून तयार केलेली, पृष्ठभागी काटे असलेली कठीण मिठाई. महाराष्ट्रात ती मकर संक्रांतीस तिळगुळाबरोबर वाटतात. गाजर, दुधी इत्यादींच्या मऊ हलव्याशी तिचे केवळ नामसाम्य आहे. तीळ व खसखशीखेरीज साबुदाणा, बडीशेप, लवंग, खरबुजाचे बी, शेंगदाणा, चुरमुरे इ. पदार्थही गाभ्यासाठी वापरतात.

घरगुती पद्धतीत साखरेत सुमारे निम्मे पाणी घालून ती उकळतात, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढतात व पातळ पाक गाळून घेतात. पाकात लिंबू पिळू नये. आम्लामुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होऊन स्फटिकीभवनास अडथळा येतो व हलवा चिकट राहतो. मंद शेगडीवर जाड बुडाची पितळी परात ठेवून तीत भाजलेले तीळ घेतात. त्यांवर चमचाभर पाक टाकून तो पूर्ण सुकेपर्यंत बोटांच्या अग्रांनी दाणे हलके फिरवीत राहावे लागते; मगच दुसरा चमचा. परातीला चिकटलेली साखर मधूनमधून फडक्याने पुसतात, अन्यथा तिचा भुगा दाण्यांना लागून काटा बुजतो. पाक जास्त पडल्यास दाण्यांचे गोळे होतात. आच वाढल्यास रंग पिवळट होतो. पहिल्या दिवशी दाणे केवळ पांढरे होतात. काटा दिसू लागण्यास बहुधा दोन-तीन दिवस लागतात. हे काम थंडीच्या दिवसांत पहाटे करण्याची रीत आहे. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन लवकर होते, हे तिच्यामागील कारण होय. पावसाळी हवेत हलवा नीट जमत नाही.

१०० ग्रॅम पाण्यात २०° से. ला सुमारे २०० ग्रॅम, तर १००° से. ला सुमारे ४८७ ग्रॅम साखर विरघळते. त्यामुळे पाक दाण्यावर निवताना व आटताना अतिसंपृक्त होऊन साखर बारीक स्फटिकरूपाने बसते. पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे परातीतील पाकाला आधी भिडतात, त्यांवर साखर अधिक साचते आणि उंचवटा आणखी वाढतो. काटा असा आपोआप वाढतो. तो बोटांनी घडविता येत नाही, मात्र बोटांच्या दाबाने मोडतो.

याच तत्त्वावर बनणारी जपानमधील ‘कोन्पेइतो’ ही मिठाई पोर्तुगीजांमुळे तेथे पोहोचली. लुईश फ्रॉइश या मिशनऱ्याने १५६९ मध्ये ती ओदा नोबुनागा यास भेट दिली होती. तिचे काटे कसे उत्पन्न होतात, याचा विचार भौतिकीविज्ञ तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) यांनी केला होता. ही मिठाई फिरत्या, तापविलेल्या कलत्या पात्रात होते व तिला सु. दोन आठवडे लागतात. मोठ्या प्रमाणावरील हलवाही फिरत्या पात्रात करतात. त्यातील पुष्कळसा गुळगुळीत निघतो, याचा दोष सामान्यतः यंत्राला दिला जातो. कोन्पेइतोचे उदाहरण पाहता तो घाईचा म्हणावा लागेल. हाताच्या हलव्याला लागणारे दिवस आणि भाजणारी बोटे यांचे मोल मात्र वजनावर ठरणाऱ्या भावात क्वचितच धरले जाते.

विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीस नववधूला काळी साडी व हलव्याचे दागिने घालण्याची प्रथा आहे. मंगळसूत्र, तन्मणी, नथ, बाजूबंद, बांगड्या इ. अलंकार, तसेच वरासाठी हार व गुच्छ करतात. बोरनहाणाच्या वेळी बालकांना मुकुट, बासरी इ. घालतात. दागिन्यांसाठी हलवा दोऱ्याने गुंफतात किंवा पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवितात. चिकटविलेला हलवा खाण्यास योग्य नसतो, आणि सुटलेले कठीण दाणे लहान मुलांच्या घशात अडकण्याची भीती असल्याने ते वेळीच उचलणे आवश्यक असते. खाण्याचा हलवा हवाबंद बरणीत ठेवल्यास पुष्कळ दिवस टिकतो. ओल लागल्यास प्रथम काट्यांची टोके विरघळतात.