अमेलिया इअरहार्ट: शेवटच्या संदेशातले दोन आकडे

आजच्या भागात आपण जाणार आहोत थेट प्रशांत महासागरात. तारीख २ जुलै १९३७, वेळ सकाळची. हाउलंड नावाच्या एका चिमुकल्या बेटाजवळ अमेरिकी तटरक्षक दलाचं 'इटास्का' हे जहाज उभं आहे. रेडिओवर एका बाईंचा आवाज अगदी स्पष्ट येतोय. त्या सांगतायत की आम्ही तुमच्या आसपासच असणार, पण तुम्ही दिसत नाही आणि इंधन संपत आलंय. जहाजावरची माणसं जीव तोडून उत्तर देतायत. पण त्या बाईंना ते ऐकूच जात नाहीये.

त्या बाई म्हणजे अमेलिया इअरहार्ट. हे नाव बहुतेकांना माहीत असतं ते त्या बेपत्ता झाल्या म्हणून. त्याआधी त्यांनी काय केलं होतं ते थोडक्यात बघू.

१९२८ मध्ये त्या विमानातून अटलांटिक पार करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, पण प्रवासी म्हणून. विमान चालवत होते दुसरेच. कौतुक खूप झालं, पण स्वतः अमेलिया म्हणायच्या की मी बटाट्याच्या पोत्यासारखी नुसती नेली गेले! ही सल त्यांनी मे १९३२ मध्ये भरून काढली. न्यूफाउंडलंडहून एकट्या निघाल्या आणि साधारण १५ तासांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरल्या. अटलांटिक एकटीने पार करणारी पहिली महिला. १९३५ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियापर्यंत एकट्याच उडाल्या.

मग आली पृथ्वीप्रदक्षिणा. विमान होतं दोन इंजिनांचं लॉकहीड इलेक्ट्रा, सोबत होते फ्रेड नूनन. नूनन हे पॅन अमेरिकन कंपनीत काम केलेले, आकाशातल्या ताऱ्यांवरून दिशा काढण्यात मुरलेले दिशादर्शक. १ जून १९३७ ला दोघं मायामीहून पूर्वेकडे निघाले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, तांबडा समुद्र आणि मग कराची. बरं का, कराची हे एप्रिल १९३६ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यातच होतं! तिथून कलकत्त्याचा डमडम विमानतळ. पाऊस सुरू झालेला, धावपट्टी चिखलाने भरलेली. पुढे अक्याबहून निघाल्यावर तर मान्सूनने त्यांना एकदा मागे फिरायला लावलं. असं करत करत न्यू गिनीतलं लाए गाव गाठलं तेव्हा सुमारे ३५,००० किलोमीटर झाले होते. उरले होते ११,०००.

आणि पुढचा टप्पा सगळ्यात अवघड होता. लाएपासून हाउलंड सुमारे ४,१०० किलोमीटर. मध्ये जवळजवळ नुसतं पाणी. आणि बेट केवढं? लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरसुद्धा नाही. वरून बघितलं तर ढगाची सावली आणि बेट यांत फरक कळणं कठीण. त्यात भर म्हणजे तेव्हाच्या नकाशांत हाउलंडची जागाच काही किलोमीटर चुकीची दाखवली होती.

म्हणून ठरलं असं, की नूनन विमान बेटाच्या जवळपास आणतील आणि शेवटचं अंतर रेडिओच्या मदतीने कापायचं. घात झाला तो इथे.

विमानातल्या दिशाशोधक यंत्राला ठरावीक लहरीच नीट पकडता यायच्या. अमेलियांनी मागितली ७,५०० किलोहर्ट्झची लहर. ती या यंत्राच्या दृष्टीने फार वरची. 'इटास्का'ने ती पाठवली, अमेलियांना ती ऐकूही आली, पण ती कुठल्या दिशेने येतेय हे काही कळेना. दुसरं म्हणजे, दोघांपैकी कुणालाच मोर्स संकेत सफाईने येत नव्हते. बोलून दिलेलं उत्तर पोचत नव्हतं आणि कडकट्टचा उपयोग नव्हता. बेटावरही एक दिशाशोधक ठेवला होता, पण ऐन वेळी त्याची बॅटरी उतरली होती.

आता येऊ या त्या आकड्यांकडे. सकाळी ८ वाजून ४३ मिनिटांनी, म्हणजे उड्डाणानंतर २० तास उलटल्यावर, अमेलियांनी कळवलं की आम्ही १५७–३३७ या रेषेवर आहोत, उत्तर-दक्षिण असे उडतोय. याचा अर्थ काय?

त्या दिवशी तिथे सूर्य उगवला तो उत्तरेपासून ६७ अंशांवर. त्याला काटकोनात रेषा काढली की मिळते १५७–३३७. सूर्याच्या उंचीवरून दिशादर्शकाला एवढंच कळतं की आपण या रेषेवर कुठेतरी आहोत. रेषेवर नेमकं कुठे, हे कळत नाही. म्हणजे गल्ली सापडली, पण घर उजव्या हाताला की डाव्या, याचा पत्ता नाही! म्हणून ते रेषेवरून वर-खाली शोधत होते. यानंतर पुन्हा आवाज आला नाही.

अमेरिकी नौदलाने विमानवाहू 'लेक्सिंग्टन'सह जहाजं लावली. १९ जुलैपर्यंत शोध चालला. हाती काहीच लागलं नाही.

मग सुरू झाले तर्क. जपान्यांनी पकडलं, हा एक. २०१७ मध्ये त्याचा पुरावा म्हणून एक फोटो खूप गाजला. एका जपानी ब्लॉगरने दाखवून दिलं की तो फोटो १९३५ च्या पुस्तकात छापलेला आहे, म्हणजे घटनेच्या दोन वर्षं आधी! संपला विषय.

दुसरा तर्क जास्त वजनदार आहे. त्याच रेषेवर दक्षिणेकडे, सुमारे ६५० किलोमीटरवर निकुमारोरो बेट आहे. तिथे १९४० मध्ये मानवी हाडं सापडली. फिजीतल्या डॉक्टरांनी ती पुरुषाची ठरवली. पुढे हाडंच हरवली. २०१८ मध्ये जुन्या मापांवरून एका अभ्यासकाने ती अमेलियांशी जुळतात असं मांडलं. पण हाडंच नाहीत, तर ताडून कशी बघणार? शिवाय आठवडाभरात नौदलाची विमानं या बेटावरून फिरली होती. त्यांना ना विमान दिसलं, ना माणूस.

तिसरा तर्क साधा आहे. हाउलंडजवळच इंधन संपलं आणि विमान बुडालं. बहुतेक जाणकारांचा कल याच बाजूला आहे, आणि मलाही हेच पटतं. इंधनाबद्दलचं बोलणं आणि आवाजाचा वाढत गेलेला जोर, दोन्ही तिकडेच बोट दाखवतात. पण तिथे समुद्र सुमारे ५ किलोमीटर खोल आहे. २०२४ मध्ये सोनारवर विमानासारखा आकार दिसला तेव्हा जगभर बातमी झाली. जवळ जाऊन पाहिलं तर खडक!

मला वाटतं, कटकारस्थानाच्या गोष्टी आपल्याला आवडतात कारण त्यांत कुणीतरी खलनायक असतो. इथे तसा कुणी दिसत नाही. न जुळलेली लहर, उतरलेली बॅटरी, चुकीचा नकाशा. यातली एकेक गोष्ट निभावून नेता आली असती. सगळ्या एकाच सकाळी आल्या.

आणि हो, फ्रेड नूननना विसरू नका. त्यांचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. अमेलियांनी १९२९ मध्ये इतर वैमानिक महिलांसोबत उभी केलेली 'नाइन्टी-नाइन्स' ही संघटना मात्र आजही नव्या मुलींना आकाशात पाठवतेय.

तुम्हाला कुठला तर्क पटतो, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!